नाव झाकलेला लेख

"चूक सापडली, तर ती सांगायची कशी, सर?"

आठल्ये सरांनी हातातला नारळ कानाशी नेला, दोनदा हलवला आणि डाव्या ढिगात ठेवला.

"तोंडानं," ते म्हणाले.

डॉ. निरंजन हुद्दारांनी चष्मा काढून पुसला. पहाटे पुण्याहून निघायचं, घाट उतरायचा, गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडायची, आणि एवढं करून असलं उत्तर पदरात घ्यायचं, याची त्यांना सवय राहिली नव्हती. हल्ली त्यांना कुणी उत्तरं देत नसे. लोक प्रश्न विचारत, तेही आधी परिचय करून देऊन.

परिचय मोठा होता. क्वांटम संगणकात होणाऱ्या चुका दुरुस्त कशा करायच्या, हा त्यांचा विषय. या विषयात देशात आपण पहिले, असं ते स्वतः कधीच म्हणत नसत. परिचय करून देणाऱ्याला लिहून देत.

आठल्ये सर त्यांचे गुरू. अठ्ठ्याहत्तरीचे, निवृत्त होऊन गावी राहायला आलेले. अंगात बंडी, कानात ऐकायचं यंत्र, समोर खळ्यात नारळांचा डोंगर. पाडेली आदल्या दिवशीच नारळ पाडून, सोलून देऊन गेला होता.

हुद्दारांनी पिशवीतून शाल काढून पडवीच्या कठड्यावर ठेवली. कुठल्याशा सत्काराची होती. घडीही मोडलेली नव्हती.

"आणखी एक?" सर म्हणाले.

"थंडीत उपयोगी पडेल."

"इथं थंडी नसते रे. पण असू दे. मागच्या दोघींना सोबत होईल."

हुद्दारांनी विषय बदलला.

"यंत्र नवीन दिसतंय कानातलं."

"यमुनानं आणून दिलं. पूर्वी मला फक्त माणसं ऐकू यायची नाहीत. आता नारळसुद्धा ऐकू येतात."

हुद्दारांना कठड्यावरची शाल एकाएकी फार पातळ दिसू लागली.

"बस ना," सर म्हणाले. "हातासरशी निवडू लाग."

पॅन्टची इस्त्री सांभाळत हुद्दार पायरीवर टेकले. एक नारळ उचलला.

"हा कुठल्या झाडाचा, सर? आपला, की शेजारच्या वाडीतला?"

"कानाला लाव."

"नाही, पण शेजारच्यांची झाडं जुनी..."

"पाणी वाजलं तर डावीकडं. नाही वाजलं तर उजवीकडं. न फोडता कळतं. झाड कशाला हवंय?"

हुद्दारांनी नारळ हलवला. वाजला की नाही ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण डोक्यात दुसरंच काही वाजत होतं. नारळ त्यांनी मांडीवर ठेवून दिला.

"चूक यमुनाची आहे, सर."

सरांचा हात थांबला नाही.

यमुना गावित ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. नवापूरकडची. ती विभागात आली तेव्हा हुद्दारांचा प्रबंध पुरा होत आला होता. तिला चुका पकडणारा पहिला कोड त्यांनीच फळ्यावर समजावून दिला. ही गोष्ट ते पूर्वी कौतुकानं सांगत. पुढं ती परदेशी गेली, नावाजली, परत आली. आणि तीच गोष्ट ते तक्रारीसारखी सांगू लागले.

सकाळी दात घासायच्या आधी ते फोनवर पाहत, जगात आणखी कुणी यमुनाच्या लेखांचा आधार घेतला का. कुणीतरी घेतलेला असेच. मग दात जोरात घासले जात. तिला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांत आधी अभिनंदन हुद्दारांनी केलं होतं. आपलं शेवटचं ठरायला नको, म्हणून.

"कसली चूक?" सरांनी विचारलं.

"लेखातली. मोठ्या परिषदेला आलाय. माझ्याकडं परीक्षणाला पाठवलाय त्यांनी."

"नाव असतं लेखावर?"

"नाही. झाकतात. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही, परीक्षकाला लेखक."

"मग तुला कसा कळला?"

हुद्दार हसले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा, याची ते आठवडाभर वाट पाहत होते.

"आकृतीतले बाण, सर. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवलेत. सगळं जग सुलट फिरवतं. उलट फिरवणारी माणसं जगात तीन."

"तीनच?"

"एक मी. लेख माझा नाही, एवढं मला माहीत आहे."

"बरं."

"दुसरे तुम्ही. तुम्ही नारळ निवडताय. उरली ती."

सरांनी हातातला नारळ हलवला. जरा जास्तच वेळ हलवला.

"हिशेब चोख आहे," ते म्हणाले.

"शिवाय या खेपेला ती स्वतः परीक्षक व्हायची होती. आतून कळलं मला. हाच लेख तिच्याकडं गेला, आणि तिनं परत पाठवला. आपलाच लेख असल्याशिवाय कोण असं बाजूला होतं?"

"कोण होतं..." सर म्हणाले.

समोरच्या माडावर एक कावळा येऊन बसला, आणि तिथं आपलं काही काम नाही असं पाहून उडून गेला.

"निरंजन, असा लेख कुणाला दाखवायचा नसतो ना?"

"नसतो."

"त्याबद्दल बोलायचंही नसतं?"

"नियम तसा आहे. पण तुम्ही काय परके आहात?"

"परका नाही, हीच पंचाईत आहे." सरांनी हात झटकले. "असं कर. चहा टाकतो, तो घे. चार नारळ घे. दुपारची फेरीबोट मिळेल तुला."

"सर, पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचाय."

"मग तर आत्ताच नीघ. इथं रेंज येत नाही. विहिरीच्या काठावर येते, तीही तिच्या मनात असलं तर."

"पाठवण्याआधी तुम्ही एकदा ऐका. चूक आहे, एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मग मी बिनघोर पाठवतो."

"चूक असली तर ती माझ्या म्हणण्यावाचून का अडलीय?"

...

हुद्दारांना उत्तर देता आलं असतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. नवं क्वांटम केंद्र निघायचं होतं. त्याला संचालक हवा होता. निवड समितीपुढं शेवटी दोन नावं उरली होती, आणि दुसरं कुणाचं हे हुद्दारांना कुणी सांगायची गरज नव्हती. हा लेख परिषदेत गाजला असता, तर दुसरं नाव पहिलं झालं असतं. पडला असता, तर प्रश्नच नव्हता. आणि उद्या कुणी म्हटलंच, की हुद्दारांनी आकसानं पाडला, तर सांगता आलं असतं, की आठल्ये सरांनाही तसंच वाटत होतं.

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला," ते एवढंच म्हणाले.

शिकवलं होतं खरं. पहिल्याच तासाला सर म्हणाले होते: क्वांटम कणात ठेवलेली माहिती डोकावून पाहायची नाही. पाहिलंत की मोडली. म्हणून ती एका कणात ठेवायची नाही, पुष्कळ कणांत मिळून ठेवायची, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांना एवढंच विचारायचं, तुमचं एकमेकांशी जुळतं का? कुठं जुळत नाही, त्यावरून चूक शोधायची. आत काय आहे, ते विचारायचं नाही.

हे वाक्य हुद्दारांनी पुढं अनेक व्यासपीठांवर म्हटलं. टाळ्या पडत.

"पुन्हा सांगतो," सर म्हणाले, "नको दाखवूस."

"का पण?"

"मला मोह होईल."

"कसला मोह?"

सरांनी एक नारळ उचलला, कानाला न लावताच खाली ठेवला.

"चूक कुठं आहे म्हणालास?"

"कोपऱ्यात."

"कोपऱ्यात?"

त्या एका शब्दात सरांचा आवाज बदलला. हुद्दारांनी तो आवाज ओळखला. फळ्याजवळ कुणी अवघड प्रश्न काढला की सर असेच पुढं झुकत. मग त्यांना घंटा ऐकू येत नसे, आणि त्या काळी कानात यंत्रही लागत नव्हतं.

"दाखव," सर म्हणाले.

हुद्दार उठले. इस्त्रीचा विसर पडला. खळ्यात उकिडवे बसून त्यांनी डाव्या ढिगातले नारळ ओळींनी मांडायला सुरुवात केली. मांडीवरून उचललेला नारळही त्यात आला.

"शेंडी घराकडं म्हणजे ठीक. शेंडी समुद्राकडं म्हणजे चूक. मधल्या ओळी लांब आहेत, त्यांचं काही म्हणणं नाही. त्यांत कुठंही दोन चुका पडल्या तरी सावरतं. तसं सिद्ध केलंय, आणि ते बरोबर आहे."

"पुढं?"

"पण आकृतीचा कोपरा कापलाय. जागा वाचवायला. तिथं ओळीत तीनच उरतात. बघा." त्यांनी तीन नारळांतले दोन समुद्राकडं वळवले. "दोन चुका इथंच पडल्या. आता दुरुस्त करणारा येतो. आत काय आहे ते त्याला पाहता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की दोघांचं जुळतंय आणि तिसऱ्याचं जुळत नाही. मग तो काय करणार?"

सर आणखी पुढं झुकले.

"तिसऱ्याला चूक ठरवणार." हुद्दारांनी तिसरा नारळ वळवला. मघाशी मांडीवरचा होता तोच. "झालं. आता तिघांचं जुळतं. कुणालाही विचारा, सगळं ठीक म्हणेल. आणि आतली माहिती मात्र उलटीपालटी."

सर पायरीवरून उतरून खाली आले. गुडघे कुरकुरले. ते त्या तीन नारळांपुढं बसले आणि पाहत राहिले.

"म्हणजे जो बरोबर होता, तोच दुरुस्त झाला."

"हो."

"आणि ही तिसरी चूक कुणी केली?"

"दुरुस्त करणाऱ्यानं."

...

"खरंच रे," सर हळूच म्हणाले. "कोपऱ्याकडं लक्षच गेलं नाही."

"तिचं नाहीच गेलं."

"छान शोधलीस."

हुद्दारांच्या छातीत काहीतरी हललं. शाली पुष्कळ मिळाल्या होत्या, पण सरांनी 'छान' म्हटलेलं त्यांना प्रबंधानंतर आठवत नव्हतं.

"फार दिवस खपला असशील."

"पानन् पान तीनतीनदा वाचलंय. घरी कुणाशी धड बोललो नाही."

"एरवी परीक्षणाचे लेख असेच वाचतोस?"

"एरवी..." हुद्दार जरा घुटमळले. "एरवी विद्यार्थी वाचतात. मी सही करतो."

"मग हा का वाचलास?"

यावर हुद्दारांनी उगाच एक नारळ सरळ केला. तो सरळच होता.

"चूक सोडली तर कसा आहे लेख?" सरांनी विचारलं. विचारताना ते सुपारीच्या झाडांकडं पाहत होते.

"तुम्हाला म्हणून सांगतो. राग येईल इतका चांगला आहे. आपण हे का लिहिलं नाही, असं पानोपानी वाटतं. झोप लागत नाही वाचून."

सर सुपारीच्या झाडांकडंच पाहत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उन्हानं असतील.

"हे लिहिलंस अहवालात?"

"नाही."

"काय लिहिलंस?"

"चूक लिहिली. लेख नाकारावा असं लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य."

"ते राहू दे."

पण शेवटचं वाक्य हुद्दारांनी फार मेहनतीनं घडवलं होतं. त्यातला एकेक शब्द त्यांनी बदलून, पारखून, पुन्हा बसवला होता. असं वाक्य कुणाला ऐकवल्यावाचून पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी फोन काढला. अहवाल इंग्रजीत होता. पण विखार कुठल्याही भाषेत तोच राहतो, म्हणून त्यांनी मराठीतच सांगितलं.

"'लेखकाला विषयाची जाण अपुरी आहे. लेखकानं आपल्या मार्गदर्शकाकडं परत जाऊन पहिला धडा पुन्हा गिरवावा.'"

...

"बरोबर लागेल तिला," हुद्दार म्हणाले.

सरांनी तिसरा नारळ उचलला. त्यांचं बोट नारळावर फिरत होतं, गोल, सावकाश.

"माझे मार्गदर्शक जाऊन तीस वर्षं झाली रे," ते म्हणाले. "मी कुणाकडं जाऊ?"

हुद्दारांना आधी वाटलं, वय झालं सरांचं. बोलता बोलता कुठल्या कुठं जातात.

मग त्यांनी त्या बोटाकडं पाहिलं. ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत होतं.

...

खळ्यात वारा आला, कठड्यावरची शाल घसरून खाली पडली. उचलायला कुणी उठलं नाही.

"सर..."

"हं."

"तुम्ही अजून... म्हणजे तुम्ही लिहिता?"

"नारळ वर्षभर पडत नाहीत."

हुद्दारांनी फोन खिशात घातला. परत काढला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"चूक तशी किरकोळ आहे, सर," ते म्हणाले.

"मघाशी?"

"कोपरा जरा रुंद केला की भागतं. एखादी ओळ वाढवली तर..."

"मघाशी लेख पडत होता."

"मघाशी मी घाईनं बोललो."

"नारळ तेच आहेत, निरंजन."

हुद्दारांनी खाली पाहिलं. तेच होते. दोन समुद्राकडं शेंड्या करून पडलेले, तिसरा सरांच्या हातात. सरांनी तो कानाशी नेला, हलवला. आतून स्वच्छ, भरलेलं पाणी वाजलं. त्यांनी तो डाव्या ढिगात ठेवला.

"लेख मी मागं घेतो," ते म्हणाले.

"माझ्यामुळं?"

"कोपऱ्यामुळं. आणि तू पाहिलंस, मी पाहिलं. आता झाकायला काय उरलं?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"सांगायचंय. परीक्षण तुझ्यानं होणार नाही, हे कळवायचंय त्यांना. का होणार नाही, तेही."

"खरं?"

"दुसरं काही सुचलं असलं तर ते कळव."

हुद्दार उठले. पॅन्टला गुडघ्यापर्यंत तांबडी माती लागली होती.

"सर, समितीतले दोघं या परिषदेचं काम पाहतात. लेखकाचं नाव मी हुडकत होतो, ते ओळखलं असं समजून लिहीत होतो, आणि लेख बाहेर दाखवला... हे गेलं, तर संचालकपद गेलं."

"जाईल?"

"गेलंच म्हणा."

सरांनी पुढचा नारळ उचलला आणि कानाला लावला. जणू तो काय म्हणतो ते आधी ऐकणं जरूर होतं.

...

विहीर वाडीच्या टोकाला होती. हुद्दार तिच्या काठावर गेले. फोन वर धरला, खाली धरला, रहाटाच्या खांबाशी नेला. तिथं रेंज आली.

त्यांनी अहवाल उघडला. शेवटचं वाक्य वाचलं. अजूनही ते चांगलंच जमलं होतं, हे त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून त्यांना स्वतःचीच किळस वाटली. त्यांनी ते पुसलं. मग वरचंही पुसलं. मग परिषदेच्या लोकांना चार ओळी लिहिल्या. पहिल्यांदा लिहिल्या त्यात 'अनवधानानं' असा शब्द होता. तो काढला.

पाठवताना अंगठा बराच वेळ अडून राहिला. विहिरीत खाली एक कासव वर येऊन त्यांच्याकडं पाहत होतं. त्याला कुठंच जायचं नव्हतं.

त्यांनी अंगठा टेकवला.

परत आले तेव्हा सर शेवटच्या नारळांशी आले होते. शाल झटकून पुन्हा कठड्यावर ठेवलेली होती.

"गेलं?"

"गेलं."

"बस."

हुद्दार बसले, ते आता थेट मातीत.

"मला आधी का नाही सांगितलंत, सर? लेख लिहिताय म्हणून?"

"गणपतीत फोन केला होता. म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

हुद्दारांना तो फोन आठवला. मीटिंग नव्हती. ते घरीच होते. यमुनाची रेडिओवरची मुलाखत तिसऱ्यांदा ऐकत होते, त्यात ती आपलं नाव कुठं घेते का ते पाहत. घेतलं होतं तिनं. पहिला कोड कुणी समजावून दिला, ते सांगितलं होतं. एवढंच एक वाक्य त्यांना पुरेसं वाटलं नव्हतं.

"मग तिला सांगितलंत?"

"तिला दाखवला. सगळा वाचला तिनं इथं बसून. म्हणून तर परीक्षणाला आला तेव्हा बाजूला झाली. मी हा पाहिलेला आहे, म्हणून कळवलं तिनं."

"हं..."

"आणि त्यांनी तो तुझ्याकडं पाठवला."

हुद्दारांनी मान हलवली. सगळं जुळत होतं. जी बरोबर होती, तीच तेवढी तिसऱ्या नारळासारखी उगाच वळवली गेली होती.

सरांनी एक नारळ डावीकडं ठेवला, एक उजवीकडं. लांब खाडीवर फेरीबोटीचा भोंगा झाला. हुद्दारांनी आता उठायला हवं होतं. ते उठले नाहीत. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. त्यांनी ते गिळलं, ते परत आलं.

"सर..."

"हं."

"एक विचारू का? सहज."

"विचार."

"तिनं सगळा वाचला म्हणालात."

"सगळा."

"मग... तिला नाही सापडली?"

"काय?"

"कोपऱ्यातली चूक."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तिला नाही सापडली."

हुद्दारांनी चटकन मान खाली घातली. संचालकपद विहिरीच्या काठावर ठेवून आलेला माणूस. गुरूचा लेख त्यांच्या हातून गेलेला, गुडघ्याला माती. आणि तरी आत कुठंतरी एक गोड कळ उठली, ओठांपर्यंत आली, आणि ती लपवायला मान पुरेशी खाली गेली नाही.

सरांना ती दिसली.

ते उठले. बंडीला हात पुसले. हुद्दारांच्या पुढ्यात येऊन त्यांनी ते पिकू लागलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं, कानाच्या यंत्राशी नेलं आणि हलवलं. एकदा. दोनदा. सकाळपासून जसं चाललं होतं तसंच.

हुद्दारांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो सावरला नाही. श्वास धरून ते बसून राहिले.

सरांनी डाव्या ढिगाकडं पाहिलं. मग उजव्या ढिगाकडं.

"पाणी आहे अजून," ते म्हणाले.